पोत्यातली लाल लोकर

"बारा मेंढरं मेली, आन् बाराच्या बारा माझीच कशी?" मेंढरांचा व्यापारी गेणभाऊ ओरडला.

पारगावच्या ऊस तोडलेल्या रानात बिरदेव धनगराचा मेंढरांचा वाडा बसला होता. कडेला बारा पांढऱ्या मेंढ्या मरून पडल्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर लाल खूण. रात्री कोवळी ज्वारी बाधली, असं डॉक्टर सांगून गेले होते. वाद एवढाच होता, की त्या मेल्या कोणाच्या?

बिरदेवानं जुन्नरहून खाजगी तपास करणाऱ्या सुप्रियाताईंना बोलावलं होतं. सोबत त्यांचा मदतनीस दादाभाऊ, मनानं राजा आणि डोक्यानं सावकाश. त्याला आल्या आल्याच गेणभाऊ चोर वाटला होता.

"सौदा झाला तवापास्नं आज सकाळपर्यंत मी मढ गावी लग्नात व्हतो," बिरदेव म्हणाला. "मेंढरं आईनं दावली. ताई, आई खोटी ठरली तर उद्या कोन आमाला रानात बसू देईल? आमचं समदं शब्दावर चालतं."

सुप्रियाताईंनी मेलेल्या मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. कातरलेली लोकर बोटांना टोचत होती. लाल रंग थेट टोकांपर्यंत होता. दादाभाऊनं वहीत लिहिलं, 'रंग लाल' आणि वही मिटली.

"मंगळवारी मी बारा काळी निवडली," गेणभाऊ म्हणाला. "पैसं दिलं, पाठीवर खूण केली. लोकर त्यांची, मेंढरं माझी, असं ठरलं. त्यानंतर आज शुक्रवारीच आलोय."

"लबाड हाय!" बिरदेवाची म्हातारी आई गजराबाई कडाडली. "त्यानं पांढरीच निवडली. ह्या खुना त्याच्याच हातच्या. आमी बोट लावलं न्हाई."

लोकर कातरणारा कुशाबा मात्र शांत होता. "बुधवारी समदी मेंढरं कातरली, बाई. लोकर पोत्यात भरली. सांजच्याला गेणभाऊला निरोप बी दिला, काम झालं म्हनून."

"म्हणजे कायदा बिरदेवाच्या बाजूनं," सुप्रियाताई म्हणाल्या. "माल निवडला, कातरणीचं काम उरकलं, तसं कळवलं. मालकी गेली. पुढची जोखीम घेणाऱ्याची, जनावर वाड्यावर असलं तरी."

दादाभाऊ खूश झाला. "मग मिटलं की!"

"निवडलेली मेंढरं हीच असतील तर. कुशाबा, ती पोती सोडा."

पोती रिकामी झाली. तिसऱ्या पोत्यातून लाल डागांचे पुंजके निघू लागले. डाग होते काळ्या लोकरीवर. पांढऱ्या लोकरीवर एकही नव्हता. दादाभाऊनं मिटलेली वही पुन्हा उघडली.

"खूण मंगळवारची, कातरणी बुधवारची," सुप्रियाताई म्हणाल्या. "गेणभाऊची खूण लोकरीबरोबर पोत्यात गेली. मग या कातरलेल्या पाठीवर रंग कुठून आला? बुधवारनंतर कोणीतरी लावला. गेणभाऊ इथं नव्हता आणि त्यानं स्वतःचं नुकसान कशाला केलं असतं? कुशाबाची मजुरी ठरलेली, त्याला यात फायदा नाही. बिरदेव मढ गावी. वाड्यावर उरल्या गजराबाई. बोट लावलं नाही, असं त्याच म्हणाल्या होत्या."

म्हातारी मटकन खाली बसली. "पहाटं बघितलं तर आपलीच बारा मेलेली. बारा इकलेली, बारा गेली, लेकाला काय ऱ्हानार? हात धजला माझा."

बिरदेवाचा चेहरा पडला. दादाभाऊला त्याच्याकडं बघवेना. मग बिरदेव उठला, वाड्याची जाळी बाजूला केली आणि बारा काळी मेंढरं स्वतः बाहेर काढली.

"मोजून घे, गेणभाऊ."

गेणभाऊनं मोजली. जाता जाता थांबला. "पुढल्या साली बी तुझ्याकडंच येईन. मेंढरं तेवढी तूच दाव."

"न्हाई," बिरदेव म्हणाला. "आईच दावंल."

गजराबाईनं पदर तोंडाला लावला.