भिंतीवरची सवाष्ण

२००९च्या जानेवारीत, मंदीच्या दिवसांत, आखातातल्या अल मजाज भागातल्या आमच्या बिल्डिंगमधून रोज कुणी ना कुणी गाशा गुंडाळत होतं. वरच्या मजल्यावरचा बेल्जियन इंजिनिअर नोकरी गेल्यावर निघाला आणि जाताना एक मोठं चित्र आमच्या गळ्यात मारून गेला. कुणा युरोपियन चित्रकारानं बालीत रंगवलेलं: केसांत चाफा, डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई. सुंदर होती, नाही म्हणत नाही. पण मी पडलो क्वांटिटी सर्व्हेयर, बांधकामाच्या मोजमापांत खोट काढण्याचा पगार घेणारा. त्या चेहऱ्यावर तीळ नाही, वण नाही, थकवा नाही. भर उन्हात टोपली वाहणारी बाई अशी नसते. चित्रकारानं तिचं खरं ते सगळं पुसून टाकलं होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पाहुण्या यायच्या होत्या, आमची लेक शुभ्रा शाळेत होती. बायकोनं, मंजुषानं, करंडा उघडला आणि हसत पहिलं बोट चित्रातल्या बाईच्या कपाळाला टेकवलं.

"अहो, घरात आलेली बाई कोऱ्या कपाळानं कशी ठेवायची?"

कुंकू लावून घेतलेल्या बाईनं उलट लावायचं, ही आपली रीत. मंजुषा वळली तेव्हा तिच्या कपाळावरही ताजं कुंकू होतं. घरात आम्ही दोघंच होतो. तिनंच लावलं असेल, म्हणून मी सोडून दिलं.

आठवड्यानं तिच्या हनुवटीवरचा कांजिण्यांचा खड्डा दिसेना. शेजारच्या विद्युल्लताताईंनी तर तिला धरलंच.

"मंजू, कुठलं क्रीम गं? दोनशे दिरहॅमचं? म्हणजे अडीच हजारांच्या वर की!"

मंजुषा नुसती हसली. मग डोळ्यांखालची वर्तुळं गेली. माझ्या ऑफिसातल्या कपातीच्या बातम्यांनी तिच्या कपाळावर पडलेल्या दोन आठ्याही गेल्या. दूध उतू गेलं तरी ती हसायची. शुभ्रा एकदा हळूच म्हणाली, "बाबा, व्हाय डझन्ट आई शाऊट एनीमोअर?"

मी ओल्या फडक्यानं चित्रावरचं कुंकू पुसलं. तेव्हा पाहिलं: त्या बाईच्या हनुवटीवर बारीक खड्डा होता, डोळ्यांखाली काळं. अंगठा फिरवला, तर कॅनव्हास सपाटच लागला.

मार्चमध्ये मला पत्र मिळालं. मी भरदुपारी घरी आलो.

"मंजू, खलास. नोकरी गेली. तीस दिवसांत देश सोडायचाय."

तिनं वर पाहिलं.

"छान," म्हणाली.

मी तिचे खांदे धरले. "भांड ना माझ्याशी! आता काय करायचं, विचार तरी!"

तेच हसू. मला तिची भीती वाटली. इतका एकटा मी कधीच पडलो नव्हतो.

शेवटी मी खुर्ची घेऊन चित्रासमोर बसलो आणि तेच पुन्हा सांगितलं.

चित्रातल्या बाईच्या कपाळावर दोन आठ्या चढल्या.

मला केवढं हायसं वाटलं. खुर्ची जवळ ओढून मी तिला बाकीचंही सांगू लागलो.