पाहुण्याची वेगळी वाटी

"तुमच्या पाहुण्यानंच हा रोग घरात आणलाय, ताई. आता तो तरी राहील, नाहीतर माझी महाराणी तरी!"

भावजयीच्या डोळ्यांत पाणी होतं. महाराणी म्हणजे तिनं माहेराहून आणलेली पांढरी मांजर. दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं आणि आज तपासणीत तिच्या रक्तात मांजरांच्या ल्युकेमियाचा, एका मांजरातून दुसऱ्यात जाणारा विषाणू निघाला होता. ताई शिवणयंत्रावरून उठल्या. आईच्या माघारी याच यंत्रावर त्यांनी धाकट्या भावाला वाढवलं, आणि त्या गडबडीत स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. जिवाला जीव म्हणून एकच लाभला होता... दुकानाच्या पायरीवर सापडलेला लंगडा बोका. "तुमचा पाहुणा किती दिवस मुक्काम करणार?" असं भावजयीनं एकदा खोचकपणे विचारलं, आणि तेच त्याचं नाव पडलं.

"उद्या बाकीच्या तिघांचंही रक्त तपासू," ताई एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताई, भाऊ आणि भावजय उरलेल्या तिन्ही मांजरांना घेऊन दवाखान्यात गेले. आणि नवलच झालं. भावजयीची दुसरी दोन मांजरं, जाड्या आणि टिकली, निर्दोष निघाली. पाहुणाही निर्दोष!

आता ताईंना स्वस्थ बसवेना. लहानपणापासून 'का' आणि 'कसं' विचारून त्यांनी मास्तरांना भंडावलं होतं, ती खोड वयानं गेली नव्हती.

"डॉक्टर, एकाकडून दुसऱ्याकडे जातो म्हणजे नेमका कसा जातो हो?"

"मुख्यतः लाळेतून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकमेकांना चाटणं, एका ताटात खाणं, कधी चावा. एकत्र राहणाऱ्या प्रत्येक मांजराला होतोच असंही नाही, आणि माणसांना तर तो होतच नाही. हिला कदाचित पिल्लू असतानाच आईकडून मिळाला असेल. वर्षानुवर्षं लपून राहतो. यात कुणाचा दोष नाही."

ताईंच्या मनात चक्रं फिरू लागली. भावजयीची तिन्ही मांजरं एका परातीत जेवत, एकमेकांना चाटून लख्ख करत. पाहुण्याला मात्र भावजयीनं त्या परातीजवळ कधी फिरकू दिलं नव्हतं. त्याची कडा फुटलेली वाटी मागच्या दाराशी. कुणी त्याला चाटलं नाही की जवळ केलं नाही. ती वाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ताई खोलीत जाऊन रडल्या होत्या... आणि जाड्या-टिकली नशिबानं सुटली असली, तरी पाहुण्याला त्याच वाटीनं वाचवलं होतं!

शब्द अगदी ओठांवर आले. पण समोर भावजय दवाखान्यात ठेवलेल्या महाराणीच्या पिंजऱ्याच्या जाळीवर कपाळ टेकून उभी होती. ताईंनी शब्द गिळले.

"हिला दार असलेली वेगळी खोली हवी," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "वाटी वेगळी, शी-शूसाठी माती भरलेलं घमेलंही वेगळं. बाकीच्यांना लस देऊ, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. लागण झालीच असली तरी ती लगेच दिसेल असं नाही."

घरात दार लागणारी रिकामी करता येण्याजोगी खोली एकच होती, माडीवरची ताईंची.

"माझ्या खोलीत राहील ती," ताई म्हणाल्या.

"आणि पाहुणा?" भावाचा आवाज खाली गेला. बोका रोज ताईंच्या पायाशी झोपतो, हे त्याला ठाऊक होतं.

"त्याला कुठंही झोपायची सवय आहे," म्हणत ताईंनी तोंड फिरवलं.

दाराखालच्या फटीतून पंजा आत येऊ नये म्हणून त्यांनी चिंध्या भरून लांबट उशी शिवली. पाहुणा दाराबाहेर तासन्‌तास बसे आणि ताई आत महाराणीला बोटानं पातळ खाऊ भरवत. बाहेरचं त्याचं म्यावम्याव ऐकूच येत नसल्यासारखं दाखवत, जणू ऐकलं तर महाराणीच रागावेल. खोलीबाहेर पडताना कोपरापर्यंत हात धुवायच्या, कपडे बदलायच्या. पुढं पुढं त्यांनी स्वतःचं ताटही वर नेलं. उगाच जोखीम नको, असं मनाला सांगायच्या. पण खाली आपल्यावाचून कुणाचं अडत नाही, हेही त्या मनातल्या मनात घोकत होत्या.

फेरतपासणीचा दिवस आला. तिघंही पुन्हा निर्दोष निघाली. महाराणीही चार घास खाऊ लागली होती. त्या दुपारी भावजय वर आली, हातात ती फुटकी वाटी होती.

"आता सगळ्यांना वेगळ्या वाट्या मांडते ना, तेव्हा ही घासताना लक्षात आलं. मी त्याला हाकलत होते, म्हणून तो वाचला. तुम्हाला हे दवाखान्यातच कळलं होतं, ताई?"

"हो."

"मग तिथंच मला चार शब्द सुनावले का नाहीत?"

"तुझं मांजर आजारी होतं गं. त्यात आणखी काय सुनावायचं?"

भावजयीचा बांध फुटला. ताईंच्या खांद्यावर डोकं ठेवून ती हमसाहमशी रडली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "चला खाली, जेवायला."

"नको. माझ्या हातांना, कपड्यांना..."

"ताई, आजार मांजरांचा आहे. माणसांचं ताट वेगळं करायला डॉक्टरीणबाईंनी कुठं सांगितलं होतं? तुम्ही जेवून या. तोवर मी बसते हिच्यापाशी. आजपासून पाळी लावू."

ताईंनी कपडे बदलले. मोरीत हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, कारण डोळ्यांचं पाणी काही केल्या थांबत नव्हतं. खाली भावानं त्यांचं ताट आपल्या शेजारी मांडलं होतं. त्या बसल्या, तसा पाहुणा लंगडत आला आणि त्यांच्या दोन्ही पावलांवर अंग टाकून झोपला.