त्रेसष्टावं नाव

तो दुकानात शिरला तो मोबाइल माझ्या नाकासमोर धरूनच.

“मॅडम, यात माझा मामा दाखवा.”

मे महिन्याची दुपार, सकाळपासूनची अकरावी पत्रिका, आणि वर हे गिऱ्हाईक! दिघ्यातल्या त्या डिझाइनच्या दुकानात मी तीन वर्षं लग्नपत्रिका करत होते. आता कुणाचंही लग्न ठरलं म्हटलं की आधी माझी मान दुखायची. मी बोटांनी फोटो मोठा केला. पिवळ्या पत्रिकेवर लाल अक्षरांत बासष्ट नावं, आणि मधल्या रांगेत नुसता एक लाल डाग.

“हे... असतील.”

“तोच. जानू मामा. बोलतो, माझा नाव पुसून टाकला, मी हळदीला येनार नाय.” तो स्टुलावर धपकन बसला. “मामाने पयली हळद लावल्याशिवाय आमच्याकडं हळद सुरूच होत नाय. परवा बहिनीची हळद हाय. ती रडते घरी.”

पत्रिका मीच केली होती, घाईत. लहान आकारात जेपीजी काढली आणि मग ताणून मोठी केली. पिवळ्यावरचं लाल अक्षर जेपीजीत आधीच फिस्कटतं, त्यात व्हॉट्सअ‍ॅपने ते आणखी दाबलं. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “नवी करून देते.”

“अरे! मग मी आता कोनाशी भांडू?”

“मामांशी भांडा. माझ्यात ताकद नाही.”

तो हसला. हसला तेव्हा गालावर... जाऊ दे. मी मूळ फाइल उघडली. तिच्यात अक्षरं अजून चित्रात मिसळलेली नव्हती. आकार आधीच मोठा घेतला, लालचा गडद मरून केला, अक्षर थोडं जाड केलं. तो शेजारी बसून एकेक नाव तपासू लागला.

“गंगाराम काका. रुसतो. सखू आत्या... जास्त रुसते.”

“तुमच्याकडे न रुसणारं कुणी आहे का?”

“हाय ना. मी, दीपेश. म्हनून तर माझाच नाव टाकायचा राहिला. कोनाच्या ध्यानात पन नाय आला.”

तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे तारवटलेले, मांडवाच्या दोरीने तळवे सोललेले. हाही माझ्यासारखाच, सगळ्यांचं करून दमलेला. मी न विचारता त्रेसष्टावं नाव टाकलं. ते वाचून त्याने स्टूल जरा जवळ ओढलं.

“ही पीएनजी आहे,” मी उगाच स्क्रीनकडे पाहत म्हटलं. “हिच्यात अक्षर फिस्कटत नाही. फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर मामा परत पुसले जातील.”

त्याने पाठवली. आम्ही दोघं मेसेजखालच्या दोन खुणा निळ्या व्हायची वाट बघत बसलो. आमची कोपरं टेकली होती... दोघांनीही काढून घेतली नाहीत. मग फोन वाजला.

“दिसला रं दिसला!” मामा ओरडले. “गंगारामच्या वरती हाय ना मी? मंग येतो!”

दीपेशने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. “तुमी पन या हळदीला.”

“मला नाचता येत नाही.”

“नका नाचू.”

“वाढायलाही जमणार नाही. खरं सांगू? मी इतकी दमलेय, की—” डोळेच भरून आले.

“पंख्यासमोर खुर्ची ठेवतो. नुसत्या बसून राहा. कोनी उठवनार नाय, मी बघतो.”

आजवर मला ज्याने त्याने बोलावलं ते काहीतरी करायलाच. नुसतं बसायला कुणीच बोलावलं नव्हतं. मला तो आवडला होता, आणि आता ते लपवायचाही कंटाळा आला होता.

“दोन ठेव,” मी म्हटलं. “आणि तूही उठायचं नाहीस.”