पुरे म्हणायचं राहिलं

दादा आणि मी एकाच वेधशाळेत कामाला. काम साधं होतं. रोज तिन्हीसांजेला दादा गच्चीवर जाऊन एक तारा नुसत्या डोळ्यांनी बघायचा, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज ठरवायचा आणि फोनवरून मला आकडा सांगायचा. मी खालच्या खोलीत बसून तो लिहून घ्यायचे. तारा नारिंगी, अवाढव्य आणि म्हातारा. वय झालं की तारेही फुगतात, म्हणून आम्ही त्याला आजोबा म्हणायचो.

या कामात एकच पथ्य आहे. असा तांबूस तारा टक लावून बघायचा नाही. जितका वेळ बघाल तितका तो डोळ्यांत साठत जातो आणि आहे त्याहून तेजस्वी वाटतो. बघणाऱ्याला भान राहत नाही, म्हणून खालच्याने पाच मोजून ‘पुरे’ म्हणायचं.

त्या संध्याकाळी मी म्हटलं नाही. दुपारी दादाने सगळ्यांदेखत मला कामचुकार म्हटलं होतं आणि मी आतल्या आत धुमसत होते. बस बघत, डोळे दुखले की येशील ताळ्यावर. फोन कानाला लावून मी गप्प राहिले. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. तो हळूहळू संथ होत गेला, मग ऐकूच येईना. दहा मिनिटांनी माझाच धीर सुटला.

“पुरे, दादा.”

“थांब...” तो खूप हळू म्हणाला. “अजून थोडा राहिलाय.”

मी जिना धावत चढले. गच्चीवर तापलेल्या लोखंडाचा वास पसरला होता. दादा मान वर करून उभा होता, पापणी लवत नव्हती. मी त्याचा हात धरला तर चटका बसला. तो कुठे बघतोय ते बघायची माझी छाती झाली नाही. चुकलं माझं, पाया पडते, पण खाली चल, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी त्याने डोळे मिटले आणि लहान मुलासारखा माझ्यामागून चालत आला.

खाटेवर निजवून मी त्याच्या डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला. तो बघता बघता वाळला. पुन्हा भिजवला, पुन्हा वाळला. आई गेल्यापासून मला हा एकच होता, आणि एवढ्याशा रागापायी मी त्याचे डोळे घालवले, या विचाराने मला रडू आवरेना. त्याला उजेड सोसणार नाही म्हणून मी दिवा बंद केला. एवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या वेधशाळेतल्या बाई होत्या.

“तुमच्याकडे ढग आलेत का हो?” त्यांनी विचारलं. “इथे आभाळ स्वच्छ आहे. शेजारचे तारे जागच्या जागी आहेत... आपलाच तेवढा दिसत नाही.”

मी खाटेकडे पाहिलं. अंधारात मला रुमालाचा एकेक धागा दिसत होता. त्याच्याखालून नारिंगी उजेड झिरपत होता.

“ऐकताय ना? तुम्हाला दिसतोय का?”

“दिसतोय,” मी म्हणाले.

फोन ठेवेपर्यंत समोरच्या भिंतीवर माझी सावली पडली होती. आणि दादाने अजून डोळे उघडले नव्हते.