गार ग्रेव्ही

माझ्या नवऱ्याला, नेव्हिलला, तक्रार करता येत नाही. न्हाव्याने कान कापला तरी हा थँक यू म्हणून वर टीप देऊन येईल. तीस वर्षं मी डोकं आपटतेय, उपयोग शून्य. त्या रविवारी दुपारी आम्ही चर्चमागच्या जुन्या खाणावळीत जेवायला गेलो, तेव्हाही मला तेवढीच धास्ती होती.

बाहेर दाट धुकं होतं. आत काळपट लाकडी भिंती, ओल्या लोकरीचा वास, आणि सगळी टेबलं भरलेली. तरी कुणी बोलत नव्हतं. फक्त ताटांवर सुऱ्या घासल्याचा आवाज येत होता.

भाजलेलं बीफ आलं, बटाटे आले, पावासारखं फुगीर, खारं यॉर्कशायर पुडिंग आलं. ग्रेव्ही थंडगार, वर जाड साय. बटाट्यांना तळघराचा वास.

"नेव्हिल, परत पाठव हे."

"जाऊ दे ना, जिल. लोक बघताहेत."

तेवढ्यात म्हातारी वेट्रेस आली. तिच्या पावलांचा आवाजच आला नाही.

"सगळं ठीक ना, बाळांनो?"

मी तोंड उघडायच्या आत नेव्हिल ओठ ताणून हसला. "छान आहे. थँक यू."

तिने त्याच्या ताटात आणखी ग्रेव्ही ओतली आणि पुढे गेली. प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, तेच ताणलेले ओठ, तेच उत्तर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्खं गावच मुकाट्याने गिळणारं!

"तुम्ही अजून... काही म्हणाला नाहीत ना?" शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ माझ्याकडे न बघता कुजबुजले. त्यांच्या कोटावर बोटभर धूळ होती. "मग खरं तेच सांगा. मी छान म्हणालो, आणि मग उठताच येईना... दुसऱ्या महायुद्धाचं रेशनिंग तेव्हा नुकतंच उठलं होतं..."

"नेव्हिल, ऊठ. आत्ताच्या आत्ता!"

"पाय हलत नाहीयेत गं," तो म्हणाला. तेही हळूच, कुणाला त्रास नको म्हणून!

वेट्रेस परत आली. "सगळं ठीक ना, बाळांनो?"

मी टेबलावर मूठ आपटली. "नाही! ग्रेव्ही गार आहे, बटाटे कुजलेत, आणि आम्हाला घरी जायचंय!"

सगळ्या सुऱ्या थांबल्या.

"तुम्ही जा," ती शांतपणे म्हणाली. "त्यांचं त्यांनी सांगायला हवं."

मी त्याचा दंड गच्च धरला. मला रडू फुटत होतं. "बोल, नेव्हिल! आयुष्यात एकदा तरी बोल!"

तो लालेलाल झाला. "जरासं... अगदी जरासं गार आहे. माफ करा हं."

"जरासं... म्हणजे अर्धंच खरं," ती पुटपुटली. थोडा विचार करून तिने त्याच्या ताटातलं अर्धंच जेवण आपल्या हातातल्या ताटलीत काढून घेतलं. तो धडपडत उभा राहिला. मी त्याला ओढतच बाहेर काढलं.

गाडीत मी त्याला वाटेल तसं झापलं. तो नुसती मान डोलवत राहिला. सुटलो एकदाचे, म्हणून मीही सोडून दिलं.

घरी येऊन चहा केला. उकळतं पाणी त्याच्यासमोरच कपात ओतलं.

"ठीक आहे ना रे चहा?" मी सवयीने विचारलं.

नेव्हिलने ओठ ताणले. "छान आहे. थँक यू."

मी कपाला हात लावला. कप गार होता. चहावर जाड साय धरली होती.