सातवा पाटा

नानासो ही गोष्ट सांगायला बसले की आधी हातातली विडी विझवतात. ऐकणारी पोरं सांगलीच्या विश्रामबागेतली, कॉलेजात जाणारी, भुतंखेतं न मानणारी.

"नका मानू," नानासो म्हणतात. "मी बी मानत न्हाई. पर गुंडा मिस्त्री माझ्या आळीतला, आन् त्यो पाटा मी डोळ्यानं बघितलाय. मग काय करू, सांगा."

साल त्र्याहत्तर. खंडेनवमीची रात्र, साडेदहाचा सुमार. जेवणं उरकली होती. चंद्राबाई नवऱ्याला म्हणाली, "शेडातल्या दिव्यात तेल घालून येता का? हत्यारांम्होरं रातभर दिवा पायजे."

गुंडा तेलाची बुधली घेऊन निघाला. माधवनगर रस्त्याला त्याचं गॅरेज, घरापासून हाकेच्या अंतरावर. तेवढं चालायलाही त्याचे पाय उठेनात. मागच्या खंडेनवमीपासून त्याचं असंच होत होतं.

गाडीच्या स्प्रिंगचे पाटे पारखावेत तर गुंडानंच, असं तेव्हा सांगलीत म्हणत. खालच्या आखूड पाट्यापासून वरच्या लांब पाट्यापर्यंत एकेक हातोडीनं ठोकायचा आणि कान लावायचा. धड पाटा टण्ण बोलतो. आत चीर असली की बद्द.

मागच्या साली, दुष्काळात, खंडेनवमीच्या दुपारी माण तालुक्यातला धुळा गाडी घेऊन आला. गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातली जुनी ॲम्ब्युलन्स. आत दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या, कोपऱ्यात स्टो. बोअर मारणारी माणसं तिच्यातच निजायची, धुळाची बायको राहीबाई तिच्यातच भाकरी करायची. घर म्हणा, गाडी म्हणा, तीच. मागच्या स्प्रिंगचे सातही पाटे गंजून एकमेकांना असे चिकटले होते की कुठला कुठं संपतो ते कळेना.

"मिस्त्री, मागनं लय कुरकुरतीया. एकदा ठोकून बघा."

"आज हत्यारं पूजेला बसल्यात गड्या. हात लावत न्हाई. परवा ये."

"परवा कसं? उद्या मशीन दुसऱ्या वस्तीवर न्यायचीया. बायका दोन कोसावनं पाणी आणत्यात तितं. तुमी नुसतं सांगा, जाऊ का नको?"

एक शब्द मागितला होता त्यानं. 'नको' म्हटलं असतं तर थांबला असता. पण चंद्राबाईनं जेवायला दोनदा हाक मारली होती, ताट वाढलेलं होतं. हातोडी पूजेला बसली होती. ब्रश काही बसला नव्हता. गुंडानं त्या गंजावर काळा ऑइलपेंट फासला आणि गाडीच्या तोंडाला झेंडूची माळ बांधली.

"म्हातारीला नवरीगत नटवली की," धुळा हसला.

"जा रं. काय होत न्हाई."

हत्याराला देव मानावं. देवाआड लपू नये.

त्याच रात्री मायणीच्या पुढच्या उतारावर मागचा सगळ्यात वरचा, सातवा पाटा तुटला. गाडी ओढ्यात गेली. धुळा एकटाच होता. जागीच गेला.

हवालदारानं विचारलं तेव्हा गुंडा म्हणाला, "सातबी पाटं ठोकून बघितलं हुतं. गाडी चांगली हुती. सणाचा दिस... गडी प्यालेला आसंल." तसंच कागदावर उतरलं. राहीबाई तिथंच उभी होती. ना रडली, ना भांडली.

"आवं मिस्त्री," ती म्हणाली, "माळकरी हुता त्यो."

एवढंच. पण वर्षभर धुळाचं नाव त्याच्या वस्तीवर दारुड्या म्हणून निघत राहिलं, आणि ते सांगलीत बसून गुंडाला कळत राहिलं.

तर, त्र्याहत्तरची ती रात्र. गुंडा शेडात शिरला. चौरंगावर हत्यारं मांडलेली. हातोडीच्या तोंडावर चंद्राबाईनं सकाळी हळदीचा गोल भरून मधोमध कुंकवाचं बोट टेकवलेलं. त्यानं तेल घातलं. ज्योत मोठी झाली.

मागं अंगणात काहीतरी कुरकुरलं.

अंगणात गाडी नव्हती. सणाला त्यानं एकही गाडी ठेवून घेतली नव्हती.

पुन्हा कुरकुर. मग...

टण्ण.

"कोन हाय?"

...

टण्ण. जरा वरून. तिसरा. चौथा. चाल गुंडाच्याच हाताची. ठोका. थांबणं. कान लावणं. पुन्हा ठोका.

पाच. सहा.

"धुळा...?"

...

रस्ता गप्प. कुत्रंही नाही. सातवा ठोका येईना. येऊ नये, असं गुंडाला वाटलं. लय वाटलं.

बद्द.

त्यानं मान वळवून चौरंगाकडं बघितलं. ज्योत सरळ. हातोडी जागच्या जागी.

तिचं तोंड कोरं. हळद नाही. कुंकू नाही. पुसल्याची रेघसुद्धा नाही.

दसऱ्याच्या पहाटे त्यानं हातोडी फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली.

"सणाचं कुठं निघालासा?" चंद्राबाईनं विचारलं.

"एक काम ऱ्हायलंय."

दहिवडीची एस.टी. धरून तो धुळाच्या वस्तीवर पोचला, तेव्हा माणसं देवळापुढं सोनं द्यायला जमली होती. राहीबाईही होती. गुंडा सगळ्यांच्या मधे जाऊन उभा राहिला.

"धुळा प्यालेला नव्हता," तो म्हणाला. "मी पाटं ठोकलंच न्हाईत. नुसता रंग फासला आन् जा म्हनलं. वर खोटं बोललो."

राहीबाई उठली, घरात गेली आणि पोत्यात गुंडाळलेला तुटका पाटा घेऊन आली.

"वड्यातनं उचलून आणला हुता म्या," ती म्हणाली आणि त्याच्या पायाशी ठेवला. "ह्ये बघा. काल दिवं लावलं तवा न्हवतं. कुनी लावलं म्हून सकाळधरनं घरात इचारतीया."

पाटा गंजलेला. त्यावर गुंडानंच फासलेल्या काळ्या रंगाच्या खपल्या. आणि जिथं तुटला होता तिथं, काठाजवळ, हळदीचा गोल. मधोमध कुंकू.

गुंडानं पिशवीतून हातोडी काढली. तिचं तोंड त्या गोलावर टेकवलं. काठाला काठ बसला.

इथं नानासो विडी पुन्हा हातात घेतात.

"पाच वर्सांनी मी माणात गेलो हुतो," ते म्हणतात. "राहीबाईच्या दाराशीच पडलाय त्यो पाटा. उनात, पावसात. गंजानं निम्मा खाल्लाय. त्या गोलाला न्हाई शिवला. मी बोट लावून बघितलं..."

विझलेली विडी ते बोटांत फिरवत राहतात.

"बोट पिवळं झालं."