शिकाऊ फेरी

मार्च महिन्यातल्या एका दुपारी, दोनच्या टळटळीत उन्हात, आबा रणवरे फाटकाच्या रुळावर ओलं पोतं अंथरत होते. साल २०४४. फलटणच्या गल्ल्यांतून विनाचालक रिक्षा फिरू लागल्या होत्या, आणि भूकंपमापक (जमिनीची बारीकशी थरथरही टिपणारं यंत्र) बनवण्यात सगळी हयात घालवलेला हा माणूस एका फाटकाला थंडावा देत होता. शेजाऱ्यांनी पाहिलं असतं तर आबांनाच ऊन लागलंय असं समजून त्यांनी ते पोतं आबांच्या डोक्यावर ठेवलं असतं.

पण आबांकडे कारण होतं. बाजूला सरकणाऱ्या त्या जुन्या पत्र्याच्या फाटकाला शनिवारी मोटर बसली होती. शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी फाटक अगदी सुरळीत उघडलं. सोमवारी दुपारी घरात एकट्या असलेल्या आबांनी रिमोटची कळ दाबली, तर फाटक मध्यापर्यंत गेलं, थबकलं आणि आल्या वाटेनं परत येऊन बंद झालं. त्यांनी आठ वेळा कळ दाबली आणि आठही वेळा तेच झालं. संध्याकाळी त्यांची नात शाल्मली शाळेतून आली, आणि फाटक पुन्हा शहाण्यासारखं वागायला लागलं.

शाल्मली सहावीत होती आणि तिला कोडं सुटल्याशिवाय जेवण गोड लागत नसे. आबांनी तिला समजावलं होतं की लोखंड तापलं की प्रसरण पावतं (आकारानं किंचित वाढतं). दुपारी रूळ फुगतो म्हणून फाटक अडतं, संध्याकाळी तो निवतो म्हणून सुटतं. मोटर नव्हती, फाटक हातानं ढकलायचं, तेव्हाही असंच होत होतं. दिवाळीपासून त्यांनी वहीत चाळीसएक नोंदी केल्या होत्या. डिसेंबरातल्या थंड दुपारीही फाटक अडलं होतं, पण त्या नोंदींकडे आबा सोयीस्कर कानाडोळा करत.

आबांना कंपवात (हातापायांची थरथर हळूहळू वाढवणारा आजार) झाला होता. तरीही गावच्या वाचनालयात ते दर बुधवारी दुपारी तीन वाजता दुरुस्तीचा वर्ग घ्यायचे. मुलं बंद पडलेली घड्याळं, पंखे, खेळणी घेऊन यायची आणि आबा हात न लावता, नुसतं सांगून, त्यांच्याकडूनच ती दुरुस्त करून घ्यायचे. पण तीन वाजता शाल्मली शाळेत असे, आई दवाखान्यात कामावर असे, आणि दुपारी फाटक काही आबांना उघडत नसे. आधी ते अर्ध्या फटीतून चालत बाहेर पडत, पण आता रिक्षा पायरीपर्यंत आत आल्याशिवाय जमत नसे, आणि गेले पाच बुधवार वर्ग झाला नव्हता. मोटर त्यासाठीच बसवली होती. सोमवारी रात्री जेवताना आईनं हळूच, पण पक्कं सांगितलं होतं की या बुधवारीही जमलं नाही, तर वाचनालयाला दुसरा माणूस बघायला सांगू. आबांनी ताटातली भाकरी तशीच ठेवली होती.

आज मंगळवार होता. शाळेला अर्धी सुट्टी मिळाल्यामुळे शाल्मली दुपारीच घरी आली. तपासणीसाठी फाटक हातानं ढकलून उघडं ठेवलेलं होतं, आणि आत येताच तिला हा पोत्याचा प्रकार दिसला. अंगणात जोडारीही उभा होता. जोडारी म्हणजे तालुक्याच्या अवजारघरातून उसना आणलेला यंत्रमानव. मोटर बसवण्याचं काम त्यानंच केलं होतं. सोमवारच्या प्रकारानंतर त्याला पुन्हा बोलावलं होतं आणि फाटक नीट चालेपर्यंत त्याचा मुक्काम इथंच होता. तो पुस्तकातल्यासारखं बोलायचा आणि त्याला घाई कधीच नसे.

शाल्मलीनं त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. जोडारीनं मोटरचं झाकण उघडलं. आत एक दातेरी चाक होतं. फाटकाच्या खालच्या अंगाला एक लांब दातेरी पट्टी (कंगव्यासारखे दाते असलेली लोखंडी पट्टी) बसवली होती. चाकाचे दाते पट्टीच्या दात्यांत अडकतात. चाक फिरलं की पट्टी सरकते आणि पट्टीबरोबर फाटक. इथवर सोपं होतं.

मग मध्येच परत का येतं, असं तिनं विचारलं.

मोटरला वाटतं की वाटेत कोणीतरी आहे, असं जोडारी म्हणाला. तिला डोळे नसतात, पण आपले कष्ट कळतात. जड काम पडलं की मोटर जास्त वीज ओढते. वाटेत एखादं मूल किंवा मांजर आलं तर फाटक त्याला टेकतं, मोटरला जास्त जोर लावावा लागतो, वीज वाढते, आणि त्याच क्षणी ती थांबून मागे फिरते. म्हणून कोणी चेंगरत नाही.

"पण जास्त म्हणजे किती, हे तिला कोण सांगतं?" शाल्मलीनं विचारलं.

"तीच शिकते," जोडारी म्हणाला. "पहिल्या दिवशी तिची शिकाऊ फेरी होते. तेव्हा फाटक एकदा पूर्ण उघडायचं आणि पूर्ण बंद करायचं. कोणत्या जागी किती वीज लागली, ते ती लक्षात ठेवते. पुढं त्याहून बरीच जास्त लागली, की तिच्या मते तिथं अडथळा आहे."

मग त्यानं रुळाकडे बोट दाखवलं. रुळाच्या बरोब्बर मधोमध सांध्यापाशी एक लहानसा उंचवटा होता आणि त्यावरून जाताना फाटकाची चाकं कर्रकर्र वाजत. जोडारीच्या नोंदीप्रमाणे शनिवारी शिकाऊ फेरीत त्याच जागी मोटरला सगळ्यात कमी कष्ट पडले होते. चढावर कष्ट कमी पडावेत हे आपल्याला पटत नाही, असं तो म्हणाला. त्या वेळी फाटकाला कोणी हात लावला होता का?

आबा जरा तडकलेच. जन्मभर मोजमापं केलेल्या माणसाच्या घरात असा गबाळेपणा होत नाही, असं त्यांनी त्याला ऐकवलं. शिकाऊ फेरी चालू असताना ते स्वतः आणि जोडारी दोघंही मोटरवरच्या आकड्यांवर नजर लावून होते. फाटकाला कोणीही शिवलं नव्हतं.

मग आबांनी पोत्यावर आणखी दोन तांबे पाणी ओतलं, ते उचलून बाजूला टाकलं, उघडं फाटक बंद केलं आणि कळ दाबली. फाटक निघालं. शाल्मली सवयीनं त्याच्या कडेकडेनं चालत गेली. मधोमध चाकं करकरली, आणि फाटक पुढं जाऊन पूर्ण उघडलं. आबांचा चेहरा असा फुलला की शाल्मलीलाही हसू आलं. ती पाणी प्यायला ओट्यावर गेली. आबांनी फाटक बंद केलं आणि खात्री करायला पुन्हा कळ दाबली. फाटक मध्यापर्यंत गेलं आणि परत आलं.

ऊन तेच होतं, रूळ तोच होता, पोत्याचं पाणीही वाळलं नव्हतं. दोन वेळांत फरक एकच होता. शाल्मलीनं खाली पाहिलं. तिच्या गणवेशाच्या उजव्या गुडघ्यावर काळा पट्टा उमटला होता. फाटकाच्या कडेला नव्यानं लावलेल्या रबराचा तो रंग होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी शाल्मलीनं आजवर कोणालाच सांगितली नव्हती. दिवाळीच्या सुमारास एकदा संध्याकाळी आबा फाटक ढकलत होते आणि ते उंचवट्यावर चढेना. आबांचे हात थरथरत होते, कपाळावरची शीर फुगली होती. शाल्मली त्यांच्या पाठीमागे उभी होती. तिनं काही न बोलता फाटकाच्या कडेला गुडघा लावला आणि रेटलं. फाटक सरकलं. आबा वळून म्हणाले, बघ, अजून आहे की नाही ताकद. त्या शब्दांत एवढा आनंद होता की पुढं रोज संध्याकाळी तिनं तसंच केलं. कर्रकर्र आवाज आला की गुडघा आपोआप पुढं जाई. मोटर बसल्यावर आता त्याची गरज नाही हे तिला कळत होतं, पण गुडघ्याला ते कोणी सांगितलं नव्हतं. शनिवारी शिकाऊ फेरीतही तो पुढं गेला होता.

मोटर बिचारी खोटंच शिकली होती. उंचवटा हलका आहे, असं तिला वाटत होतं. शाल्मली नसली की खरा उंचवटा तिला अडथळा वाटे.

दोष सापडला होता, पण सांगायचं कसं? सांगितलं तर आबांना कळणार होतं की दिवाळीपासून एकाही संध्याकाळी फाटक त्यांनी एकट्यानं उघडलेलं नाही. न सांगावं, तर उद्याचा बुधवार जाणार होता, आणि त्यानंतरचे सगळेच. ती पायरीवर बसली. तिला रडू येत होतं आणि तिनं ते येऊ दिलं.

आबा काठी टेकत तिच्याजवळ आले. तिनं गुडघ्यावरचा काळा पट्टा दाखवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"दिवाळीपासून?" आबांनी विचारलं.

तिनं मान हलवली. आबा आत निघून गेले. शाल्मलीला वाटलं की आपण जगातली सगळ्यात वाईट नात आहोत. जोडारी तिच्या शेजारी येऊन नुसता उभा राहिला. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

आबा आले ते वही घेऊन. त्यांचे डोळे लाल होते. वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी आपल्या सिद्धान्तावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'कारण: शाल्मली.' मग त्यांना हसू फुटलं.

"डिसेंबरातल्या नोंदी ओरडून सांगत होत्या गं," ते म्हणाले, "आणि मी बसलो उन्हाला दोष देत. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. पण हातांत किती बळ उरलंय हे मला कळायला हवं, बाळा. नाहीतर मीही या मोटरसारखाच चुकीच्या जागी थांबेन. मदत कर, पण मला दिसेल अशी कर."

जोडारीनं मोटरची जुनी स्मृती पुसली आणि शिकाऊ फेरी नव्यानं सुरू केली. फाटक निघालं. शाल्मली पायरीवरच होती. मधोमध चाकं करकरली, फाटक चढावर कचरलं आणि तिचा गुडघा उचलला गेला. तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. मोटरचा आवाज जाड झाला, आकडा वर चढला, आणि फाटक एकट्यानं उंचवटा ओलांडून गेलं. आता खरा चढ मोटरच्या लक्षात राहिला होता. मग आबांनी वाटेत खोका ठेवून पाहिला. फाटक खोक्याला टेकलं आणि लगेच मागे फिरलं. सुरक्षितपणा तसाच होता. जोडारी म्हणाला की रुळावर धूळ साचते, चाकं झिजतात, म्हणून दर सहा महिन्यांनी ही फेरी पुन्हा घ्यावी. आबा म्हणाले की तेव्हा माझीही घेऊ. औषधं रोज नवी निघताहेत, कोणी सांगावं, आकडा चांगलाही येईल.

बुधवारी शाळेत तीन वाजले तेव्हा शाल्मलीचं भूगोलात अजिबात लक्ष नव्हतं. पाच वाजता ती धावतच घरी आली. फाटक बंद होतं. तिनं आबांना हाका मारल्या, पण उत्तर आलं नाही. घरात कोणीच नव्हतं, रिमोट आबांकडे होता आणि ती रस्त्यावर अडकली होती. एवढा आनंद तिला पहिला नंबर आला तेव्हाही झाला नव्हता.

सव्वापाचला विनाचालक रिक्षा येऊन थांबली. आबांच्या मांडीवर कुणाचा तरी बंद पडलेला मिक्सर होता. अकरा मुलं आली होती, त्यांनी सांगितलं. मग त्यांनी रिमोट काढला. थरथरता अंगठा कळीवरून दोनदा घसरला. मी दाबू का, हे शब्द शाल्मलीच्या ओठांपर्यंत आले आणि तिनं ते गिळले. तिसऱ्यांदा कळ दाबली गेली. फाटक करकरत उंचवटा चढलं आणि उघडलं.

आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"शालू, जरा हात दे," ते म्हणाले. "मिक्सर जड आहे, मला एकट्याला नाही झेपायचा."